कोच, मेंटॉर आणि बारवेची दोरी

“पण बुवा, तुम्ही नक्की कोण? कोच की मेंटॉर?”

केशवगिरी बुवा बारवेच्या पायरीवर बसून काथ्याच्या दोरीचा पीळ चाचपत होते. मठाच्या या बारवेत त्यांनी गावाच्या तीन पिढ्यांना पोहायला शिकवलं होतं. असं आजवर कुणी विचारलं नव्हतं.

“फरक काय असतो गं बाई?”

वैजयंता सावरून बसली. तालुक्याला ती व्यक्तिमत्त्व विकासाचे वर्ग घ्यायची. हे शब्द तिला तोंडपाठ.

“ट्रेनर म्हणजे कसब शिकवणारा. कोच स्वतः काही सांगत नाही. प्रश्न विचारून आपल्यातलंच आपल्याकडून काढून घेतो. मेंटॉर त्या वाटेनं आधी गेलेला असतो. आणि फॅसिलिटेटर नुसती वाट मोकळी करून देतो.”

“एवढे सगळे बारवेत उतरले तर पोरीला हात मारायला जागा उरायची नाही.”

वैजयंता हसली नाही.

खाली शेवटच्या पायरीवर तिची नऊ वर्षांची ईशानी पाण्यात पाय सोडून बसली होती. तरंगायला पाठीला बांधलेला भोपळा परवाच सुटला होता; राहिली होती ती कमरेची दोरी.

वैजयंताचा धाकटा भाऊ माहेरच्या गावतळ्यात बुडून गेला तेव्हा काठावर माणसं पुष्कळ होती. पोहता येणारं एकही नव्हतं. म्हणून तर तिनं पोरीला इथं आणलं. आणि म्हणूनच पंधरा दिवस झाले तरी दोरीवरचा तिचा हात निघत नव्हता. मान वर कर, पाय मार, श्वास घे आधी... वरून तिचं चालूच. पोर ऐकायला मागं वळे आणि नाकातोंडात पाणी जाई.

“ती पोहत नाही, बाई. तू तिला शेंदतेस.”

“आणि सोडली अन् बुडाली तर?”

बुवांनी दोरीचं टोक तिच्या हातात दिलं.

मग म्हणाले, “आजही तूच धर. पण पाठ पाण्याकडं. दोरी खांद्यावरून घे.”

“असं का?”

“इथली रीत आहे. दोरीच्या शेवटच्या दिवशी आईबापानं पाण्याकडं बघायचं नाही.”

ती पाठ फिरवून बसली. बुवा खाली उतरले. पोरीनं त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. जरा वेळानं बुवा वर आले आणि वैजयंताच्या समोर, पाण्याकडं तोंड करून बसले.

“धरलीस?”

“धरली.”

“जड लागते?”

तिनं ओढून पाहिली. “लागते.”

“बरं. मग तुझं राहिलेलं सांग. स्वतःच स्वतःला सुधारायचं, त्याला काय म्हणतात?”

“सेल्फ-इम्प्रूव्हमेंट. काल होतो त्याहून आज आपण आपल्याला थोडं बरं करायचं.”

“त्यात दुसरं कुणी लागतं?”

मागं पाणी सपकन वाजलं. तिची मूठ आवळली. दोरी जड होती, तेव्हा तिनं श्वास सोडला.

“लागतं ना. सुरुवातीला मोटिव्हेशन द्यायला. म्हणजे बळ द्यायला.”

“आणि देऊन झाल्यावर?”

“झाल्यावर म्हणजे?”

“देणाऱ्यानं मग काय करायचं?”

हे तिच्या वर्गात कुणी विचारत नसे.

“आई.”

हाक लांबून आली. बारवेच्या पार पलीकडून.

रीत मोडून वैजयंता वळली. समोरच्या भिंतीतल्या कोनाड्यात ईशानी बसली होती. केस निथळत होते, पाय हलत होते, कमरेला काही नव्हतं. वैजयंताच्या मुठीतली दोरी सरळ खाली शेवटच्या पायरीच्या लोखंडी कडीला गेली होती. दुहेरी गाठ मारलेली.

तिनं मूठ उघडली. तळहातावर काथ्याचे वळ उठले होते.

“मला न विचारता सोडलंत तिला, बुवा?”

“मी कुठं... गाठ तिनंच सोडली, कडीला तिनंच बांधली. म्हणाली, आईच्या हातात काहीतरी जड राहू द्या.”