झऱ्याकाठचा लाल रंग

पुष्कळ जुनी गोष्ट आहे. मार्गशीर्षातली पंचमी होती. आभाळ निरभ्र होतं आणि धुकं उशिरा उठलं.

डोंगराच्या कुशीत रंगाऱ्यांचं एक गाव होतं. मंजिष्ठेच्या मुळ्यांपासून केलेला तिथला लाल रंग साऱ्या मुलखात नावाजलेला. नवरीचं वस्त्र तिथूनच जायचं. म्हातारी तान्हाई दर वर्षी याच दिवशी झऱ्याच्या पाण्यात एक पांढरी चिंधी रंगवून दोरीला बांधायची. तिच्या सासूपासूनच्या साठ चिंध्या त्या दोरीवर होत्या. सगळ्या एकसारख्या लाल.

त्या वर्षी चिंधी विटकरी निघाली.

कारागिरांनी मुळ्या बदलल्या, तुरटी बदलली, रांजण घासले. लाल काही येईना. नवऱ्या मुलींचे बाप वस्त्रं परत पाठवू लागले. झऱ्याचं पाणी तर पूर्वीइतकंच नितळ होतं. तान्हाईने ते चाखलं आणि कडवट लागतं म्हणाली.

"आये, पाणी तेच आहे. तुझी जीभ म्हातारी झाली," तिचा मुलगा रखमाजी हसला.

"असेल. पण चिंधीला कुठे जीभ आहे?"

दोन वर्षांपूर्वी रखमाजीनेच रंगाच्या भट्ट्या वाढवल्या होत्या आणि सरपणासाठी झऱ्यावरचं रान तोडलं होतं. तान्हाई त्याला वर घेऊन गेली. तोडलेल्या उतारावरची ओंजळभर माती तिने एका फडक्यात घेतली. शेजारच्या उभ्या जांभळाखालची, मुळांच्या जाळीसकट, दुसऱ्या फडक्यात घेतली. दोन्हींवर साठवलेलं पावसाचं पाणी हळूहळू ओतलं. खाली गळलेलं पाणी निवळू दिलं. दिसायला दोन्ही सारखीच.

रखमाजीने चाखलं. पहिलं कडवट होतं, दुसरं गोड.

तो केसाएवढ्या त्या मुळांकडे बघत राहिला. "एवढ्याशा मुळ्या हे सगळं धरून ठेवतात?"

"पिढ्यान्‌पिढ्या. मातीतले क्षार झाडं खातात. खाणारं उरलं नाही, म्हणून ते पाण्यातून निघून चाललेत."

रखमाजीने पायांतल्या वहाणा काढल्या आणि मान वर करून बराच वेळ त्या झाडाखाली उभा राहिला.

भट्ट्या निम्म्या झाल्या. उतारावर पुन्हा कुणी कुऱ्हाड नेली नाही. दर मार्गशीर्षात चिंधी बांधली गेली. आधी विटकरीच, मग तांबूस. कुऱ्हाड थांबल्यापासून नवव्या वर्षी ती लाल निघाली. तान्हाई तेव्हा नव्हती. गाठ रखमाजीने मारली.

रान तोडलं की खालचं पाणी दिसतं तसंच राहतं, पण तेच राहत नाही.