हुकमाशिवाय आलेला घाम

एका राज्यात प्रतापधवल नावाचा राजा होता, आणि त्याच्या राज्यात नगाऱ्यावाचून काही होत नसे. नगारा वाजला की चुली पेटायच्या, नगारा वाजला की घागरी विहिरीत उतरायच्या. आणि तो वाजवायचा हुकूम राजाचा. राजा मनाचा वाईट नव्हता हो. आपली नजर हटली तर राज्य कोसळेल, असे त्याला अगदी मनापासून वाटे.

एके दिवशी धूम्रकेश नावाचा जादूगार महालाच्या दाराशी आला आणि पाणी मागू लागला. राजा स्नानाला बसला होता, नगारा व्हायचा होता. पाणक्या भरल्या घागरीशेजारी हात बांधून उभा राहिला. जादूगाराच्या घशाला कोरड पडली आणि डोके तापले. राजा बाहेर येताच तो गरजला, "तुझ्या हुकमाशिवाय इथे काही हलत नाही ना? तथास्तु! आजपासून तुझ्या देहातही हुकमाशिवाय काही हलणार नाही."

राजा खूश. त्याला तो वरच वाटला!

मग ऊन चढले. अंग तव्यासारखे तापले, पण घामाचा टिपूस नाही. राजा ओरडला, "घामा, ये!" घाम असा आला की सिंहासनाची गादी भिजली. त्याला थांबवायचे राजा विसरला आणि गारठून गेला. लाडू खाल्ले, तर रक्तातली साखर वाढतच चालली. "साखरे, उतर!" म्हणताच ती इतकी उतरली की भरदुपारी डोळ्यांपुढे काजवे चमकले. आणि या सगळ्यात "श्वासा, आत... श्वासा, बाहेर" चालूच. राणीशी बोलायला सवड नाही. झोपायची तर सोयच नाही. झोपल्यावर श्वासाला सांगणार कोण? राजवैद्यांनी मान हलवली. असेच चालले तर राजा हातचा जाणार होता.

राणी इंदुलेखा साळुंकीकडे गेली. ही साळुंकी धूम्रकेशाच्या आश्रमात वाढलेली, माणसासारखी बोलणारी.

"साळुंकी, शापाला उतारा सांग."

"शाप हुकमावर पोसतो, राणी. राजाने उन्हात बसावे, घामाला बोलावू नये. गार तळ्यात उतरावे, कापरे मागू नये. मग तिसरे."

"तिसरे कोणते?"

"झोपावे."

राजा गच्चीवर उन्हात बसला. जिभेची सवय काही जाईना. "घा..." म्हटले की राणी चिमटा काढी. दंड लाल झाला, चेहरा त्याहून लाल झाला, आणि अचानक कपाळावर एक थेंब उभा राहिला. "आला! न बोलावता आला!" राजा पोरासारखा नाचला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच तो तळ्यात उतरला. ओठ निळे पडले. तो गप्प राहिला. मग दात आपले आपण वाजू लागले, अंगावर काटा आला, आणि कापता कापता अंगात ऊब परतली. राजा कुडकुडत हसला.

उरली झोप. दुपारी पलंगावर आडवा होताच राजाचे हसू मावळले.

"राणी, मी झोपलो आणि श्वास आलाच नाही तर?"

"मी जागी आहे."

"तुझा हुकूम त्याला चालायचा नाही."

"हुकूम द्यायला नाही, महाराज. सोबतीला."

राजाने तिचा हात धरला आणि डोळे मिटले. ओठ हलायचे थांबले. छाती थांबली. राणीचा जीव कासावीस झाला. तिला राजा फार प्रिय होता, आणि बघत बसण्याखेरीज तिच्या हाती काही नव्हते.

मग छाती वर आली. खाली गेली. पुन्हा वर आली. आणि राजा असा घोरू लागला की महालाच्या कमानींतली कबुतरे उडाली! राणी रडली आणि हसली, दोन्ही एकदमच.

राजाला उठवायची कोणाची छाती झाली नाही, म्हणून नगाराही वाजला नाही. तरी गावात चुली पेटल्या, पाणी भरले गेले, तान्ही पोरे न्हाली. दुसऱ्या दिवशी उन्हे वर आल्यावर राजा उठला, तेव्हा अंग कोमट होते आणि पोटात कडकडीत भूक होती.

"एवढा वेळ हे सारे सांभाळले कोणी?"

"तुमच्याच देहाने, महाराज," राणी म्हणाली. "तुमच्या जन्मापासून तो हेच करीत आला आहे."

राजाने छातीवर हात ठेवला. मग म्हणाला, "इतके इमानी चाकर, आणि मी एकालाही ओळखत नव्हतो!"

त्याला लागली तशी गाढ झोप, ऐकणाऱ्या तुम्हा सर्वांना लागो.