तिसऱ्यांनी तोंड मिटलं

"मग बाबा, ती मनातून जात का नाही?"

यशवंत तोडणकर विचारत होता. पूर्वी तो प्रयोगशाळेत खाडीतल्या शिंपल्यांमधला पारा तपासायचा. शिकलेला माणूस, दुःखालाही कारण विचारणारा! बायको वारली तशी नोकरी सोडली आणि खाडीकाठच्या दर्ग्यात कादरबाबा फकिरांपाशी येऊन राहिला.

"जप केला, उपास केले, घराकडे फिरकलो नाही. तरी दिवेलागण झाली की जीव तिच्यासाठी तुटतो."

बाबांचं लक्ष पातेल्याकडे. कुणीतरी दिलेल्या तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या खायच्या शिंपल्या, वाळू ओकायला पाण्यात घातल्या होत्या. सगळ्यांची तोंडं उघडी होती.

"यांच्यातला पारा जातो का रे असा?"

आपला विषय निघाला की यशवंत खुलायचाच.

"पारा दोन तऱ्हांचा, बाबा. एक नुसताच आत येतो. स्वच्छ पाण्यात ठेवलं की लवकर निघून जातो. दुसऱ्याचं रूप खाडीच्या चिखलातले जंतू पालटतात. तो मांसात भिनतो. महिनोन्महिने हलत नाही."

"तुझ्या मनातला हा दुसरा म्हणायचा."

यशवंत पातेल्यावर वाकला.

"पण जातो?"

"जातो. हळूहळू."

बाबांनी पातेल्याला टिचकी मारली. सगळ्या तिसऱ्यांनी तोंडं मिटून घेतली.

"आता?"

"आता कसला जातोय! मिटल्यावर ना काही आत, ना बाहेर."

"बरं... बायकोचं नाव काय तुझ्या?"

यशवंतचे ओठ हलले. आवाज फुटला नाही.

"इथं आल्यापासून एकदाही घेतलं नाहीस."

"घरी तरी कुठं घ्यायचो? लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. पुढं जन्मभर नुसतं 'अगं' नि 'ऐकलंस का'. ती म्हणायची, एकदा तरी नावानं हाक मारा हो, बघू कशी ऐकू येते. मी म्हणायचो, म्हातारपणी मारीन..."

तो बाबांकडे वळला.

"खोटं बोललो, बाबा. मला ती जायला नको आहे. मला ती हवी आहे."

बाहेर ओहोटी लागली होती. खाडीत चिटपाखरू नव्हतं. पातेल्यात एक शिंपली हळूच उघडली, मग आणखी एक.

बाबा उठले. खाडीकडचं दार त्यांनी सताड उघडलं.

"मार हाक."