उत्तर माहीत नसलेला प्रश्न

“मग आक्का, मुलांना विचारायचं तरी काय?”

हेमलताच्या आवाजात राग होता की रडू, ते तिचं तिलाच कळत नव्हतं.

आक्का चटई झटकत होत्या. झटकून झाली, मग त्या घडी घालू लागल्या.

यंत्रमागांच्या गल्लीतली ही बालवाडी आक्कांची. विणकरांची पोरं आईबाप मागावर असेपर्यंत इथं असायची. आक्कांच्या हाताखाली राहायला मिळावं म्हणून लांबलांबच्या मुली यायच्या आणि बहुतेक जणी आल्या वाटेनं परत जायच्या. हेमलता मात्र घरी सांगून आली होती की मी राहणारच. बालवाडी शिक्षिकेच्या अभ्यासक्रमात ती पहिली आली होती आणि ही गोष्ट तिनं एसटीत शेजारी बसलेल्या बाईलासुद्धा सांगितली होती.

पहिल्याच सकाळी तिनं पिशवीतून चित्रं काढली. हा कोण? पोपट. रंग कोणता? हिरवा. पोरं धडाधड उत्तरं देत होती. हेमलतानं ऐटीत आक्कांकडे पाहिलं.

“पोपट हिरवा असतो हे तुला माहीत नव्हतं?” आक्कांनी विचारलं.

“माहीत होतं की.”

“मग कशाला विचारलंस?”

हेमलता हसली. आक्का हसल्या नाहीत. ज्याचं उत्तर तुला माहीत आहे, ते इथं पोरांना विचारायचं नाही, एवढंच त्यांनी सांगितलं आणि त्या कुणाचं तरी नाक पुसायला गेल्या.

तेव्हापासून हेमलताची वाचाच बसली. तोंड उघडावं तर ओठावर तेच यायचं. हे किती? हे कुठलं? मोठं कोण, लहान कोण? सगळ्याची उत्तरं तिला पाठ. शिकलेलं सगळं असं अंगाशी येईल, असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पोरं आपली मातीत खेळत, भांडत, तिच्याभोवती घुटमळून निघून जात. आपण इथं कुणाच्या कामाच्या नाही, हे तिला आतून टोचू लागलं.

आणि आज आक्कांनी सांगून टाकलं होतं. राहायचं की जायचं, ते दुपारच्या एसटीच्या आधी ठरवू.

म्हणून तर तिनं तो प्रश्न विचारला होता.

आक्कांनी चटई कोपऱ्यात ठेवली.

“ते मला काय माहीत?” त्या म्हणाल्या.

हेमलताला भयंकर राग आला. म्हातारी मुद्दाम छळते आहे, अशी तिची खात्री झाली. ती तरातरा ओसरीवर गेली आणि पिशवी भरू लागली.

तेवढ्यात रोजच्यासारखी वीज गेली.

गल्लीतले सगळे माग एकदम थांबले. दिवसभर कानात खडखडणारा तो आवाज असा अचानक गेला की हेमलताचा हात पिशवीतच राहिला.

आतून चार वर्षांची सगुणा धावत आली आणि माठाशी जाऊन बसली.

ही पोर रोज असंच करायची. माग थांबले की हातातलं खेळणं टाकून माठाकडे. पोरीला तहान फार, असं हेमलता धरून चालली होती. पण सगुणा पाणी पीत नव्हती. तिनं एक रिकामी बाटली तोटीखाली धरली, तोटी सोडली आणि डोळे गच्च मिटून घेतले.

बाटली भरली. सगुणानं तोटी बंद केली. डोळे अजून मिटलेलेच होते. एकही थेंब बाहेर सांडला नव्हता.

हेमलता पाहत राहिली. आपण हे रोज पाहिलं आणि एकदाही नीट पाहिलं नाही, हे तिच्या ध्यानात आलं. ती पिशवी सोडून माठाशी गेली.

“सगुणा,” ती हळूच म्हणाली, “माग थांबले की तू इथंच का पळत येतेस गं?”

विचारून झाल्यावर तिला जाणवलं, याचं उत्तर आपल्याला खरंच माहीत नाही.

“तवाच बाटली बोलतीया,” सगुणा म्हणाली.

“काय बोलते?”

सगुणानं बाटली कुंडीत रिकामी केली आणि तिच्या हातात दिली. “डोळं मीट.”

हेमलतानं डोळे मिटले, तोटी सोडली. पाणी पडल्याचा आवाज आला, तिला वेगळं काही ऐकू आलं नाही आणि बघता बघता पाणी ओसंडून तिच्या साडीवर आलं. सगुणा खुदकन हसली.

“आता परत. भरत आली की बारीक बोलतीया.”

हेमलतानं परत डोळे मिटले.

आधी आवाज जाड होता. मग हळूहळू वर चढू लागला... बारीक... अजून बारीक... गळ्याशी आला तेव्हा शिट्टीएवढा झाला. तिनं तोटी फिरवली. डोळे उघडले.

बाटली काठोकाठ भरली होती. साडीवर नवा थेंब नव्हता.

हेमलताच्या अंगावर काटा आला. लहानपणापासून तिनं नळावर कळशा भरल्या होत्या. पाणी तिच्या कानाशी इतकी वर्षं बोलत होतं आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता. या पोरीला कुणी सांगितलं? कुणी नाही. मागांच्या खडखडाटात ती शांततेची वाट बघायची आणि तेवढ्यात ऐकून घ्यायची. हेमलताला तिच्या पायाशी बसावंसं वाटलं. ती बसलीच, ओल्या फरशीवर.

“परत दाखव,” ती म्हणाली.

किती वेळ गेला, दोघींनाही कळलं नाही. माग पुन्हा सुरू झाले, बाटली गप्प झाली. हेमलतानं मान वर केली तर आक्का दारात उभ्या होत्या.

हेमलताला खूप सांगायचं होतं.

“आक्का,” शेवटी ती म्हणाली, “एसटी धरू, का राहू?”

आक्का भिंतीला धरून सावकाश खाली आल्या. गुडघे दुखत होते तरी सगुणासमोर मांडी घालून बसल्या आणि त्या खडखडाटात ऐकू जावं म्हणून तिच्या कानाशी वाकल्या.

“सगुणा, ही नवी पोरगी आपल्यात राहू म्हणतीय... ठेवून घ्यायची का गं?”