माणसात न आलेले

“एकही घर सुटलं नाही म्हणतोस?”

“एकही नाही, महाराज. उंबरवाडीची जनगणना अगदी चोख झाली.”

शेषराव मास्तर मठाच्या पायरीवर ताठ बसले होते. मठात ते शिष्य. पण इथं आल्यावरही त्यांच्या अंगातला मास्तर काही उतरत नसे.

भिवगिरी महाराज आम्हा शिष्यांबरोबर शेंगा सोलत होते. नुसते हसले.

तेवढ्यात सोजरबाई आली. कडेवर नातू, पदराला धरून नात. मास्तरांना पाहताच तिचं तोंड सुटलं.

“वाडीला अंगणवाडी कवा व्हायची, मास्तर? पोरं वढ्याच्या पल्याड न्यावी लागत्यात. पाणी चढलं की जीव टांगणीला.”

“मी काय करू, बाई? वाडीत लहान मुलंच कमी भरतात. मागच्या वेळीही तसंच झालं. मुलंच नाहीत तर अंगणवाडी कुणासाठी मागायची?”

मास्तर खोटं बोलत नव्हते. आकडा तसाच होता.

महाराजांनी हातातली शेंग खाली ठेवली.

“सोजर, तुझ्या घरात माणसं किती गं?”

“चार. मी, मालक, ल्योक न् सून. मास्तरांनाबी तेच सांगितलंय की.”

“आणि हा कडेवरचा?”

“ह्यो?” सोजर खळखळून हसली. “ह्यो अजून रांगत न्हाई, महाराज. ह्यो कुठं माणसात आलाय?”

“आणि नात?”

“तिला शाळंत घातल्यावर धरायची की...”

मास्तरांचा चेहरा उतरला. दारोदार त्यांनी हेच विचारलं होतं, घरात माणसं किती? आणि दारोदार लोकांनी अगदी मनापासून उत्तर दिलं होतं.

“महाराज... सगळ्या वाडीची मोजणीच चुकली की.”

महाराज उठले, सोजरच्या कडेवरचं बाळ घेतलं आणि मास्तरांच्या मांडीवर ठेवलं.

बाळानं मास्तरांकडे टक लावून पाहिलं... आणि त्यांच्या इस्त्रीच्या पांढऱ्या विजारीवर खुशाल धार सोडली.

सोजरनं जीभ चावली.

मास्तरांनी विजारीकडे पाहिलं. मग जे हसत सुटले ते थांबेचनात. बाळही हसायला लागलं. मास्तर इतकी वर्षं मठात येतात, पण त्यांचं हसू आम्ही पहिल्यांदाच पाहिलं. फार बरं वाटलं.

“अजून मुदत आहे, महाराज. उद्यापासून पुन्हा सगळी घरं फिरतो,” ते म्हणाले. “आता विचारणार, घरात माणसात न आलेलं कोण कोण आहे?”

ओली विजार तशीच ठेवून ते खाली वाकले आणि सोजरच्या नातीला तिचं नाव विचारू लागले.

महाराजांनी मास्तरांकडे पाहत पुन्हा शेंग उचलली.

“सोजर, एक तर आत्ताच आलं बघ माणसात.”