न मुरलेलं पाणी

ओढ्याच्या वळणावर वसलेल्या एका गावात द्वारका नावाची एक बाई राहत होती, आणि तिच्या घरात कचऱ्याचा डबा नव्हता. त्याची गरजच पडत नसे. भांडी राखेनं घासली जात, कपडे रिठ्याच्या फेसात स्वच्छ निघत, केसांना शिकेकाई आणि दातांना बाभळीच्या सालीचं मंजन. तिचा नवरा निवृत्ती सुतार होता. करवतीखालचा भुसा तो चुलीला आणायचा आणि घरचे झाडू शिंदीच्या पानांचे स्वतः बांधायचा. मुलगी चंपा जुन्या लुगड्यांच्या पिशव्या शिवायची. दुकानातली पुडी किंवा बाटली या घराचा उंबरा ओलांडत नसे.

द्वारकेचं नाव गाजलं ते लिंबाच्या सालींच्या पाण्यामुळं. साली, गूळ आणि पाणी बरणीत भरायचं, सुरुवातीला रोज झाकण सैल करून आत साठलेली हवा सोडायची आणि तीन महिने मुरू द्यायचं. मग गाळून घेतलं की बादलीला एक झाकण पुरे. फरशी लख्ख निघते, मोरी लख्ख निघते. पुसून झालेलं पाणीही वाया जात नाही, झाडांना घालता येतं. "जे आपल्या हाताला चालतं, ते झाडाच्या मुळाला चालतं," असं द्वारका सांगायची. बायका येताना साली आणत आणि जाताना पाणी नेत. तीन-चार वर्षांत गावानं दुकानातल्या बाटल्या जवळजवळ सोडून दिल्या.

एकदा नाव झालं की ते राखावं लागतं, आणि राखणाऱ्याला झोप कमी लागते.

दिवाळी होऊन महिना झाला होता. एके सकाळी सरपंच सत्यभामाबाई घाईघाईनं आल्या.

"द्वारके, जिल्ह्याहून पाहुणे येताहेत, आपलं गाव बघायला. येत्या सोमवारी. चाळीसच्या चाळीस घरांत तुझ्या पाण्याची एकेक बरणी दिसली पाहिजे. जमेल ना?"

जुनं पाणी संपलेलं होतं. नवीन बरण्या दिवाळीत भरलेल्या. म्हणजे अजून दोन महिने बाकी. 'नाही जमणार' एवढं म्हटलं असतं तर गोष्ट तिथंच संपली असती. पण सत्यभामाबाई इतक्या विश्वासानं बघत होत्या की द्वारकेच्या तोंडून भलतंच निघालं.

"जमेल की."

त्या गेल्या आणि द्वारकेच्या जिवाला घोर लागला. दिवसातून दहा वेळा ती बरण्यांपाशी जायची. झाकण उघडायची, वास घ्यायची, पुन्हा लावायची. पाणी गढूळ होतं आणि कुजकट वास मारत होतं. तिनं बरण्या उन्हात ठेवल्या. आणखी गूळ घातला. पण मुरायचं ते आपल्या वेळेनं मुरतं, कुणाच्या सोमवारसाठी थांबत नाही आणि धावतही नाही.

शनिवारी 'बहिणीला भेटून येते' असं घरी सांगून ती एसटीनं तालुक्याला गेली. तिथल्या एका दुकानातून फरशी पुसायच्या जालीम औषधाच्या चार बाटल्या घेतल्या. लिंबाच्या वासाच्या. वर बारीक अक्षरांत लिहिलं होतं: 'वापरलेले पाणी झाडांना घालू नये. जनावरांपासून दूर ठेवावे.' तिनं ते दोनदा वाचलं. मग बाटल्या पिशवीत तळाशी घातल्या आणि वर भाजी रचली.

थोडंच तर घालायचंय, असं तिनं स्वतःला बजावलं. सोमवार एकदा निघून जाऊ दे.

रविवारी निवृत्ती कामावर आणि चंपा ओढ्यावर गेली असताना तिनं ते अर्धंकच्चं पाणी गाळलं आणि त्यात चारही बाटल्या रिकाम्या केल्या. कुजकट वास गेला. खोलीभर लिंबू घमघमलं. संध्याकाळपर्यंत चाळीस बरण्या चाळीस घरी पोचल्या.

सोमवारी पाहुणे आले. घराघरांत हिंडले. एका साहेबांनी बरणी नाकाशी धरली आणि म्हणाले, "वाः, बाजारातल्यापेक्षा सरस." बायका खुशीनं एकमेकींकडे बघू लागल्या. द्वारकेला शाल आणि नारळ मिळाला. घरी येऊन तिनं शाल ट्रंकेत टाकली आणि झाकण लावलं. चंपा म्हणाली, "आई, बघू तरी दे." द्वारका म्हणाली, "नंतर."

आता प्रश्न होता रिकाम्या बाटल्यांचा. दुसऱ्या कुणाच्याही घरी त्या कचऱ्यात टाकून मोकळं होता आलं असतं. या घरात कचराच नव्हता, तर लपवायच्या कशात? आधी तिनं त्या माळ्यावर सरपणामागं ठेवल्या. पण सरपण काढायला निवृत्ती चढायचा. मग पिठाच्या रिकाम्या डब्यात घातल्या. तो डबा चंपानं धुवायला मागितला. मग परसात खड्डा करून पुरल्या. दुसऱ्या दिवशी कोंबडी तिथंच उकरू लागली तेव्हा द्वारकेनं तिला हाकललं, बाटल्या पुन्हा उकरून काढल्या आणि पदराखाली धरून घरभर फिरत राहिली. शेवटी त्या जात्यामागच्या कोनाड्यात गेल्या. पण तिची नजर सारखी तिकडंच. आमटीत मीठ दोनदा पडलं. कुणी दारावरून गेलं तरी ती दचकायची.

"तुझं लक्ष कुठं आहे?" निवृत्तीनं विचारलं.

"इथंच आहे," ती म्हणाली आणि उगीचच उठून अंगण झाडायला गेली. ते तासाभरापूर्वीच झाडलेलं होतं.

गावाच्या कडेला हौसाबाई नावाची एक एकटी म्हातारी राहायची. ती कांद्याचं रोप करायची. पौषात शेतकरी तिच्याकडून रोपाच्या जुड्या नेत आणि त्यावर तिचं वर्ष निघायचं. गुरुवारी ती द्वारकेला विहिरीवर भेटली.

"रोप यंदा जरा पिवळं पडलंय," हौसाबाई म्हणाली. "उद्या तुझं पाणी घालते. मग बघ कसं तरारतंय."

द्वारकेच्या हातातला दोर थांबला.

"मावशी, राहू द्या की. थंडी आहे."

"अगं, गेल्या साली तूच म्हणाली होतीस, थंडीतच घाला म्हणून."

"मग... अगदी थोडं घाला."

"तू सांगशील तेवढंच घालते. एक झाकण."

हौसाबाई हंडा उचलून निघून गेली. द्वारका विहिरीवरच उभी राहिली. दुसऱ्या दिवशी ती दोनदा घरातून निघाली. पहिल्यांदा देवळापर्यंत गेली. दुसऱ्यांदा तर हौसाबाईचं कुंपण दिसलं. तिथून परतली. एका झाकणानं काय होतंय, असं ती मनाशी म्हणत होती. पण मन काही 'बरं' म्हणत नव्हतं.

रविवारी सकाळी बायका हौसाबाईच्या वाफ्यांकडे जाताना दिसल्या. द्वारकाही गेली. जावंच लागलं.

वाफेच्या वाफे आडवे झाले होते. हिरव्या पाती शेंड्यांपासून करपल्या होत्या, बुडाशी पाणचट झाल्या होत्या. हौसाबाई बांधावर बसली होती. एक पात उचलायची, बघायची, खाली ठेवायची. मग दुसरी.

"माझाच हात सुटला," ती म्हणत होती. "एकाच्या जागी दोन झाकणं पडली असतील. डोळ्याला दिसत नाही आताशा. द्वारकेच्या पाण्याला काय धाड भरलीय?"

"नाहीतर काय," एक बाई म्हणाली. "आम्ही रोज वापरतो. तिचं पाणी कधी बाधायचं नाही."

सगळ्या माना हलल्या. सुटकेची वाट हौसाबाईनं स्वतःच झाडून दिली होती. द्वारकेनं नुसतं गप्प राहायचं होतं. मान खाली घालून 'अरेरे' म्हटलं असतं तरी चाललं असतं. कुणाला कधी कळलं नसतं.

तिचे पाय वळायला बघत होते. ती पुढं होऊन हौसाबाईसमोर उभी राहिली.

"हौसामावशी," ती म्हणाली, "तुमचा हात सुटला नाही. पाणी माझं नव्हतं."

कुणाला काही कळेना. तेव्हा तिनं सगळं सांगितलं. न मुरलेल्या बरण्या, तालुक्याचं दुकान, चार बाटल्या, बारीक अक्षरांत लिहिलेलं आणि आपण ते दोनदा वाचलं होतं, हेही.

हौसाबाईनं हातातली पात खाली ठेवली.

"गुरुवारी विहिरीवर मी तुला सांगितलं होतं, पाणी घालते म्हणून."

"हो."

"तेव्हा बोलली असतीस तर रोप वाचलं असतं."

"हो, मावशी."

हौसाबाई उठली, घरात गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

द्वारका घरी आली. निवृत्ती फळीवर रंधा मारत होता. तिनं कोनाड्यातून बाटल्या काढून त्याच्यापुढं ठेवल्या आणि त्यालाही सगळं सांगितलं. त्यानं रंधा खाली ठेवला.

"आधी मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही नको म्हणाला असतात."

"म्हणूनच सांगायचं असतं," तो म्हणाला. मग त्यानं हातगाडी बाहेर काढली.

दोघं चाळीस घरं फिरली. प्रत्येक दारात द्वारकेनं तेच सांगितलं. पहिल्या दारात ती अडखळली, दहाव्या दारात नाही, पण सोपं कुठंच गेलं नाही. कुणी मुकाट्यानं बरणी दिली. कुणी म्हणालं, "अगं, वास छान आहे, राहू दे की," तिथूनही तिनं ती परत घेतली. एकीनं बरणी गाडीत आदळली आणि म्हणाली, "मग दुकानातलंच बरं बाई. त्यावर निदान खरं लिहिलेलं तरी असतं." हे शब्द द्वारकेला सगळ्यांत जास्त लागले, कारण त्यात खोट काढायला जागा नव्हती.

सत्यभामाबाईंनी कपाळाला हात लावला. "आता पाहुण्यांना काय सांगू मी?"

"तुम्ही नका सांगू, मी लिहिते," द्वारका म्हणाली. तिनं पत्र लिहिलं आणि त्याबरोबर शालही परत पाठवून दिली. गोळा केलेलं पाणी ओढ्यात ओतायचं नव्हतं. ते तिनं तालुक्याच्या एसटी स्टँडवर साफसफाई करणाऱ्या बायकांना, त्यात काय आहे ते नीट सांगून, देऊन टाकलं.

राहिली हौसाबाई. निवृत्ती आपल्या बहिणीच्या गावी गेला आणि तिथून कांद्याच्या रोपाच्या जुड्या डोक्यावर घेऊन आला. मेलेल्या रोपाच्या निम्म्याही त्या भरल्या नाहीत. द्वारकेनं वाफ्यांची वरची माती खरवडली, ओढ्याकाठची नवी माती पाट्या पाट्या वाहून आणली, रोप जगेल असं दडपून लावलं. रोज सकाळ-संध्याकाळ ती पाणी घालायला जायची. हौसाबाई ओट्यावर बसून असायची, पण बोलायची नाही. एक शब्द नाही. ते गप्प राहणं पाठीवर घेऊन द्वारका वाकून काम करायची आणि घरी येऊनही तिला बसवत नसे. आणखी काय करता येईल, हेच डोक्यात फिरत राहायचं.

अकराव्या दिवशी ओट्यावरून आवाज आला. "तिकडचा वाफा कोरडा राहिलाय."

द्वारकेनं तिकडच्या वाफ्याला पाणी घातलं.

पौषात काही शेतकरी हौसाबाईकडून जुड्या घेऊन गेले. बरेचसे दुसरीकडं गेले. झालेलं नुकसान पुरतं कधी भरून आलं नाही, आणि द्वारकेनंही ते भरलं असं कधी म्हटलं नाही.

फाल्गुन लागला. त्या रविवारनंतर द्वारकेनं नव्यानं भरलेल्या बरण्या अजून मुरत होत्या. एके दिवशी शेजारची बाई आली. तिच्या घरी साखरपुडा होता.

"पाणी झालं का गं?"

"नाही झालं. अजून आठ दिवस."

"थोडं तरी काढ. आठ दिवसांनी काय फरक पडतो?"

"नाही काढता येणार."

बाई नाक मुरडून दुकानाच्या वाटेला लागली. द्वारका तिच्या पाठीकडे बघत राहिली. हाक मारावी, काहीतरी देऊन टाकावं असं वाटलं. पण ती जागची हलली नाही.

हे सगळं कुंपणापलीकडून हौसाबाई ऐकत होती. ती आत आली. पदरात लिंबाच्या साली होत्या. त्या तिनं सुपात ओतल्या.

"आठ दिवस म्हणालीस ना?"

"हो, मावशी. आठ."

"मग मी नवव्या दिवशी येते," हौसाबाई म्हणाली. "वांग्याच्या रोपाला घालायचंय."

तात्पर्य: जे आपल्यावर विसंबून निर्धास्त असतात त्यांना खोटं चांगलं देण्यापेक्षा खरं 'नाही' द्यावं. नाव 'हो' म्हणून मिळतं, पण टिकतं ते वेळेवर 'नाही' म्हणता आलं तरच.