सेनापतीच्या खिचडीतले एरंडेल

एकदा एक वृद्ध गुरुजी ओसरीवर सुपारी कातरत बसले असता त्यांचा शिष्य कागदांचे भले मोठे बाड घेऊन आला. त्या काळी एका शूर सेनापतीची कादंबरी घरोघरी वाचली जात होती. शिष्याने तीन वर्षे खपून तिच्यातल्या राज्याचा बैठा खेळ रचला होता. प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचे, आपण काय करणार ते बोलायचे, आणि जमले की फसले ते फाशाने ठरवायचे, असा तो खेळ.

गुरुजी म्हणाले, "आज तीन पाहुणे खेळतील. त्यांनी आपण होऊन पुढची बैठक मागितली, तर तू स्वतंत्र. नाहीतर आणखी तीन वर्षं इथेच."

शिष्याने नकाशा पसरला. तयारी जय्यत होती. नकाशात एकही ओढा सुटला नव्हता; कोणत्या गावात भाकरी ज्वारीची आणि कोणत्या गावात नाचणीची, हेसुद्धा त्याने लिहून ठेवले होते. एक व्यापारी, एक वैद्यबाई आणि एक नावाडी असे तिघे येऊन बसले आणि खेळातल्या किल्ल्यावरचे रहिवासी झाले.

"मी चोरवाटेने बाहेर जातो," व्यापारी म्हणाला.

"त्या वाटेने सेनापती जातो. कादंबरीत तसंच आहे."

"बरं, मी शत्रूच्या जखमी हेराला बोलतं करते," वैद्यबाई म्हणाल्या.

"तेही सेनापतीच करतो."

नावाड्याने जांभई दिली. व्यापारी पागोटे सावरू लागला. फार अभ्यास केलेल्या माणसाचे असेच होते. तो दुसऱ्याला तोंडच उघडू देत नाही.

तेवढ्यात गुरुजी पुढे सरकले. "मी किल्ल्यावरचा आचारी. सेनापतीच्या खिचडीत पळीभर एरंडेल ओततो." त्यांनी फासा टाकला. पडले सहा! ऐन लढाईच्या सकाळी सेनापती तांब्या घेऊन पळत सुटला.

"गुरुजी!" शिष्य रडकुंडीला आला. "माझ्या तीन वर्षांचं मातेरं केलंत! वाचक मला फाडून खातील!"

पण वैद्यबाई ताठ बसल्या होत्या. "अहो, शत्रू दारात आलाय! आता किल्ला कोण राखणार?"

"मी कोठारातली गुळाची पोती दरवाज्याआड रचतो!" व्यापारी म्हणाला.

"मी नदीतल्या त्यांच्या होड्यांचे दोर कापतो," नावाडी म्हणाला. " द्या इकडे फासा!"

गुरुजींनी शिष्याला जवळ घेतले. "नदी जिथे होती तिथेच आहे ना? शत्रू तोच, किल्लाही तोच. एवढं तू उत्तम सांभाळलंस. पण पाहुण्यांना पाटावर बसवून सगळी ताटं सेनापतीलाच वाढलीस. कथा ऐकणाऱ्याला नायक पुरतो, बाळा. खेळायला आलेल्याला स्वतःला काहीतरी करायचं असतं."

शिष्य खजील झाला, मग हसला, आणि पुन्हा नकाशापाशी जाऊन बसला. होड्या वाहून गेल्या, गुळाने दरवाजा तगला, आणि आता हेराला सोडावे की डांबावे यावरून तिघे तावातावाने भांडू लागले.

अखेर व्यापारी उठला. "उद्या किती वाजता बसायचं? आणि एवढं सांगून ठेव, त्या हेराचं पुढे काय होतं?"

"मला तरी कुठे ठाऊक?" शिष्य म्हणाला, आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच त्याला उद्याची उत्सुकता वाटली.